आपल्या नोंदीची नक्कल आपल्या घरात हवी

जून-जुलै महिना उजाडला की आमच्या वस्तीतील बुद्धविहारात संध्याकाळच्या वंदनेनंतर पालकांची गर्दी होते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत मुलामुलींच्या बारावीच्या गुणपत्रिका, रेशनकार्ड, आधारकार्ड आणि तोंडी एकच प्रश्न : "भाऊ, पडताळणी समिती १९५० च्या आधीचा पुरावा मागते. तो आणायचा कुठून?" प्रवेशाची मुदत आठ-दहा दिवसांवर आलेली असते, आणि हवा असलेला कागद दोनशे कोसांवरच्या गावात एखाद्या लोखंडी कपाटात धूळ खात पडलेला असतो. पुष्कळदा तो असतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो. तो वेळेवर मागितलेला नसतो, एवढेच.

पडताळणीवाले हीच तारीख का धरतात, ते आधी समजून घेऊ. अनुसूचित जातींच्या यादीचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला. त्या दिवशी किंवा त्याआधी आपले पूर्वज महाराष्ट्रात कोठे राहत होते व त्यांची जात कोणती नोंदलेली होती, हे जातीच्या दाखल्यासाठी दाखवावे लागते. विमुक्त-भटक्यांसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१, तर इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. म्हणजे सर्वांत जुना कागद शोधण्याची पाळी आपल्यावर आली आहे, आणि आपल्याच समाजात आजोबा-पणजोबा शाळेत गेलेले घर शोधून सापडते. ज्यांना शाळेच्या दारात उभे करीत नव्हते, त्यांच्या वंशजांकडे शाळेचा जुना दाखला मागितला जातो. असो.

आपली दुसरी अडचण आणखी वेगळी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली व दिली. त्यानंतर अनेक घरांनी मुलांच्या शाळेत अभिमानाने 'बौद्ध' एवढेच लिहिले. योग्यच केले. राज्यात नवबौद्धांना सवलती मिळाल्या, तरी केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडावे लागले. आता दाखला मिळतो तो 'अनुसूचित जातीतून बौद्ध धर्मात धर्मांतरित' असा. तेव्हा धर्मांतरापूर्वीची जात कोणती, हा प्रश्न आलाच; आणि १९५६ नंतरच्या नुसत्या 'बौद्ध' नोंदीतून त्याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या काळातील कागद लागतो.

येथे काही तरुण आम्हाला रागाने विचारतात, "आम्ही बौद्ध झालो, मग 'महार' लिहिलेला कागद घरात कशाला ठेवायचा?" त्यांचा राग आम्हाला कळतो. जुन्या दप्तरात आपल्या माणसांची नावे कशी लिहिली आहेत, ते वाचताना घशाशी आवंढा येतो. पाटलाच्या पोराचे नाव पूर्ण, आडनावासह; आपल्या पणजोबाचे 'सख्या वल्द रायन्या, महार'. बाळ जन्मले तर त्याचे नावही नाही, नुसते 'मुलगा'. पण तो कागद आपण मिरवायला मागत नाही. त्यात आपल्या माणसाचे नाव, गाव आणि साल आहे, आणि त्या तीन गोष्टींवर आपल्या लेकीचा परिचारिकेच्या अभ्यासक्रमातील प्रवेश उभा राहतो. ज्या महारकी वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, ते कनिष्ठ वतन पुढे १९५८ च्या कायद्याने गेले. ज्या वतनाने आपल्या वाडवडिलांना मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पळवले, त्याच वतनी जमिनीचा जुना उतारा आज कित्येक घरांना पुरावा म्हणून उपयोगी पडतो. हे विचित्र आहे, पण खरे आहे.

एका नोंदीचे मोल काय असते, ते साताऱ्यात पाहावे. तेथील प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' या नावाची नोंद झाली. शाळेने ते रजिस्टर जतन केले, आणि २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. रजिस्टर वाळवीने खाल्ले असते, तर कोणता दिवस पाळायचा हेही आपल्याला ठाऊक नसते.

आता कागद कोठे आहेत ते पाहू. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा, आणि आपल्या राज्यात तो १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. तेव्हापासूनच्या नोंदी खेड्यात ग्रामपंचायतीकडे, शहरात नगरपालिका वा महानगरपालिकेच्या आरोग्य खात्याकडे असतात. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आज मिळणाऱ्या जन्माच्या दाखल्यावर जात नसते. वय, नाव, आईबाप यांसाठी तो उत्तम. जातीच्या पुराव्यासाठी त्याआधीचे दप्तर पाहावे लागते. ते म्हणजे गाव नमुना नंबर १४ आणि कोतवाल बुक. त्यांत जातीचा रकाना असे. ही बुके बहुधा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जमा आहेत. कित्येक मोडीत आहेत, त्यासाठी मोडी वाचणारा जाणकार शोधून लिप्यंतर करून घ्यावे लागते. या बुकांची किंमत काय, हे २०२३ साली सर्वांना दिसले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, आणि वर्षानुवर्षे न उघडलेली कपाटे राज्यभर उघडली गेली. तेव्हा 'आमच्याकडे एवढे जुने काही नाही' असे कोणी सांगितले, तर लगेच माघारी फिरू नये.

तिसरी जागा म्हणजे जिल्हा परिषदेची वा पालिकेची प्राथमिक शाळा. आजोबा दोन इयत्ता जरी शिकले असतील, तरी प्रवेश-निर्गम रजिस्टरात त्यांची ओळ असते. शाळा सोडल्याचा दाखला हरवला असेल, तर मुख्याध्यापकाकडून त्या ओळीचाच उतारा सही-शिक्क्यानिशी मागावा.

नोंद कोठे शोधायची, यात पुष्कळांची फसगत होते. जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथे होते, जेथे घर आहे तेथे होत नाही. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. त्यामुळे वडिलांच्या गावी चार हेलपाटे घालून नोंद मिळत नाही, आणि ती आजीच्या माहेरच्या गावात सुखाने पडलेली असते. तालुक्याच्या दवाखान्यात जन्म झाला असेल, तर त्या गावच्या नगरपालिकेत पाहावे. म्हणून अर्ज करण्याआधी घरातील सर्वांत वडील बाईजवळ अर्धा तास बसावे. कोण कोठे जन्मले, त्या साली दुष्काळ होता की पूर, कोणाच्या लग्नानंतर किती महिन्यांनी, हे सारे तिच्या डोक्यात असते. कोणत्याही कारकुनापेक्षा ती चांगली सूची आहे.

अर्ज साध्या कागदावर, सुवाच्य अक्षरात लिहावा. 'आमच्या घराण्याचे सर्व कागद द्यावेत' असे लिहिले, तर तो अर्ज बाजूला पडणार हे नक्की. मौजे अमुक, तालुका तमुक, सन १९३५ ते १९५० या काळातील गाव नमुना १४ व कोतवाल बुकात पणजोबांच्या नावे असलेल्या जन्म वा मृत्यूच्या नोंदीची खरी नक्कल मिळावी, असे नेमके लिहावे. नाव जितक्या तऱ्हांनी लिहिले गेले असेल तितक्या तऱ्हा द्याव्यात : सखाराम, सखा, सख्या. अर्जाच्या दोन प्रती काढून एकीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. आमची हयात कारकुनीत चालली आहे म्हणून सांगतो, आवक क्रमांक नसलेला अर्ज हा अर्ज नव्हेच; तो कोणाच्या तरी टेबलावरचा एक कागद असतो आणि वाऱ्याने उडतो.

ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) किंवा कचेरीतील बाबू 'उद्या या' म्हणत राहिले, तर आपल्या हातात दोन कायदे आहेत. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली जन्म-मृत्यूचे दाखले ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात. कोणती सेवा किती दिवसांत, हे कचेरीत फलकावर लावलेले असले पाहिजे. मुदत टळली तर अपील करता येते, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुन्या दप्तरासाठी २००५ चा माहितीचा अधिकार अधिक कामाचा. अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे, नकलेला पानामागे दोन रुपये पडतात, आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला पुरावा जोडल्यास अर्जाची फी लागत नाही. तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. न मिळाल्यास त्याच कचेरीतील वरिष्ठाकडे तीस दिवसांत पहिले अपील करावे. माहिती कशासाठी हवी, याचे कारण सांगण्याची सक्ती नाही. नक्कल मागण्याआधी दप्तर स्वतः बसून पाहण्याचाही हक्क या कायद्याने दिला आहे. आमचा सल्ला असा की आधी दप्तर पाहावे. कारकुनाला न सापडलेली ओळ घरच्या माणसाला सापडते, कारण नावे त्याच्या ओळखीची असतात. या कामाचे दोन-तीन हजार मागणारे एजंट तहसीलच्या आवारात झाडाखाली बसलेले असतात. त्यांना द्यायचे पैसे मुलांच्या पुस्तकांना ठेवावेत. जातीच्या दाखल्यासाठी शासकीय कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांकही लागत नाही, ते शुल्क माफ आहे.

शोधूनही नोंद नाहीच मिळाली, तर हात हलवीत परत येऊ नये. अनुपलब्धतेचा दाखला, म्हणजे शोध घेतला पण नोंद आढळली नाही असे लेखी, मागून घ्यावे. जन्माची नोंदच झालेली नसेल, तर पुढच्या अर्जाला तो लागतो. एक वर्षापेक्षा जास्त उशिराच्या नोंदीचा आदेश पूर्वी न्यायदंडाधिकारी देत. ऑक्टोबर २०२३ पासून ते काम जिल्हाधिकारी, प्रांत वा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आले आहे. आणि जातीच्या पडताळणीसाठी वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, चुलता असो की चुलतभाऊ, कोणाला वैधता प्रमाणपत्र मिळाले आहे का, ते आधी विचारावे. ते मिळाले तर अर्धे काम झाले. भाऊबंदकीत बोलणे बंद असेल, तर एवढ्यापुरते तरी सुरू करावे. आमच्या माहितीत एका मुलीचे वर्ष केवळ बांधाच्या भांडणापायी वाया जाणार होते. शेवटी तिच्या आईनेच चुलत दिराच्या दारात जाऊन 'जयभीम' घातला आणि प्रमाणपत्राची प्रत घेऊन आली.

नावांचा घोळ मात्र ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो. कोतवाल बुकात 'सख्या', शाळेत 'सखाराम', आधारवर आडनाव गावाच्या नावावरून. ही सारी माणसे एकच, हे वंशावळ व प्रतिज्ञापत्र यांनी जोडून दाखवावे लागते. म्हणून पणजोबापासून नातवंडापर्यंतची वंशावळ एका कागदावर आजच मांडून ठेवावी. जाणती माणसे आहेत तोवरच हे होते.

भगिनींना एक वेगळे सांगणे आहे. लग्न झाले तरी बाईची जात वडिलांच्या बाजूनेच सिद्ध करावी लागते. सासरच्या गावात राखीव जागेवर पंचायतीला उभे राहायचे ठरले, तर कागद माहेरचे लागतात, आणि निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत वैधता प्रमाणपत्र दिले नाही तर पदही जाते. तोवर वडील गेलेले असतात, भावाला वेळ नसतो. लेकीला भांडी देता, त्याबरोबर वडिलांच्या शाळेच्या दाखल्याची आणि आजोबांच्या नोंदीची एकेक साक्षांकित प्रत का देऊ नये?

नव्या बाळांच्या बाबतीत तर आळस परवडणारा नाही. एकवीस दिवसांत नोंद केली तर फी नाही आणि पहिला दाखला फुकट मिळतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून सरकारी नोकरीपर्यंत जन्माचा दाखला हाच पुरावा धरायचा आहे. नामकरण व्हायचे म्हणून नावाचा रकाना कोरा सोडला असेल, तर पहिल्या वर्षात तो भरून घ्यावा. तरतूद पंधरा वर्षांपर्यंत आहे, पण तितकी वाट कशाला पाहायची? आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी येते, हे दाखला हाती घेताच तपासावे.

मिळालेल्या नकलेला लॅमिनेशन करू नये. शिक्का पाहणाऱ्याला ते चालत नाही आणि काही वर्षांनी कागद आतल्या आत पिवळा पडतो. मूळ पेटीत, झेरॉक्स फाइलमध्ये, आणि एक प्रत चुलत्याच्या घरी ठेवावी. आपल्या वस्त्यांना पूर आणि आग दोन्ही माहीत आहेत.

मुंबई-पुण्यात तीन पिढ्या राहिलेल्यांनाही दाखला पूर्वज १९५० साली जेथे राहत होते त्या तालुक्यातूनच काढावा लागतो. तेव्हा रत्नागिरी, सातारा, बुलढाण्याकडे उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी सुट्टीतला एक दिवस तहसीलसाठी राखून ठेवावा. बुद्धपौर्णिमेला कचेरी बंद असते, आणि फेब्रुवारी २०२० पासून सरकारी कचेऱ्यांचा आठवडा पाच दिवसांचा झाल्याने शनिवारीही कोणी भेटत नाही. सोमवारी सकाळी दहाला, अर्जाच्या दोन प्रती आणि दहाचे तिकीट घेऊन जावे.