शरीराची काटकसर

पाथरीत अलीकडे पहाटे सेलू रस्त्याला चालणाऱ्यांची चांगलीच वर्दळ असते. बहुतेकांची तक्रार एकच: पहिल्या महिन्यात तीन किलो उतरले, पुढे काटा हलेना! दोन भाकरींची एक केली, तासभर चालतो, तरीही.

तक्रार खरी आहे. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास उष्मांक असतात. साठ-सत्तर किलोच्या माणसाचे तासभर झपझप चालून खर्च होतात अडीचशे-तीनशे. म्हणजे एक मोठी भाकरीही नाही! शिवाय आवक घटली, की शरीर अडचणीतल्या संसारी बाईसारखा हात आखडते घेते. थायरॉईडचे संप्रेरक कमी होते, नाडी मंदावते, स्नायू थोड्या इंधनात काम भागवतात आणि माणूस नकळत ऊठबसही कमी करतो.

याची सर्वांत कठोर परीक्षा 1944-45 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी घेतली. 36 निरोगी तरुण स्वेच्छेने 24 आठवडे अर्धपोटी राहिले. आठवड्याला 35 किलोमीटर चालणे सक्तीचे. वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, पण विश्रांतीतला ऊर्जाखर्च घटला सुमारे 40 टक्क्यांनी. त्यातला मोठा भाग देहच आटल्याचा, उरलेला निव्वळ काटकसरीचा. ही मुले उन्हाळ्यातही कुडकुडत, जिना चढताना थकत आणि दिवसरात्र जेवणाचेच बोलत.

हौसेने वजन उतरवणाऱ्याने यातून घ्यायचे ते थोडेच: जेवण एकदम निम्मे करू नये, डाळ-उसळ सोडू नये, चालण्याला वजन उचलण्याच्या व्यायामाची जोड द्यावी. स्नायू टिकले तर खर्चही बराचसा टिकतो.

मला मात्र या काटकसरीची दुसरी बाजू अधिक छळते. 1971 साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्य मोजताना दरडोई रोज 2250 उष्मांकांचा निकष धरला. थोर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर आक्षेप घेतला. माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते. तेव्हा सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरू नये, असे त्यांचे म्हणणे. मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हताच. पण ‘जुळवून घेणे’ म्हणजे नेमके काय?

माझी आई 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जाई. मिलोची भाकरी आणि कामावरची सुकडी, एवढ्यावर दिवस निघे. ती जगली, म्हणजे तिच्या शरीराने जुळवून घेतले असेच म्हणावे लागेल. पण संध्याकाळी घरी आली की भिंतीला टेकून जी बसे, ती उठत नसे. आम्ही अंगावर चढलो तरी तिचा हात उचलला जात नसे. शरीराने खर्च वाचवला होता तो असा.

मिनेसोटातल्या तरुणांचे ताट 24 आठवड्यांनी पुन्हा भरू लागले. आमच्याकडे 1973 चा पाऊस पडेपर्यंत खडीच होती.