बेगमी

चैत्र सरत आला की महाराष्ट्रातील खेडोपाडीच्या अंगणांना निराळेच रूप येते. कोठे पसरलेल्या गव्हाला ऊन दिले जात असते, कोठे सुपाने डाळ पाखडली जात असते, कोठे बाजेवर पापड आणि कुरडया वाळत असतात, आणि कावळ्यांना हाकण्याचे काम घरातील लहान मुलांकडे सोपवलेले असते. मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी वर्षाचे धान्य, डाळी, मिरच्या, हळद, चिंच आणि मीठ घरात भरून ठेवावे, ही रीत फार जुनी आहे. तिला मराठीत बेगमी असे म्हणतात. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘गम’ म्हणजे दुःख किंवा चिंता. ज्या तरतुदीमुळे पुढील दिवसांची चिंता उरत नाही, ती बेगमी.

ही तरतूद करावी लागते, याचे कारण साधे आहे. शेतातील पीक वर्षातून एकदा किंवा दोनदा हाती येते. भूक मात्र माणसाला रोज लागते. कोकणातील भात दिवाळीच्या सुमारास कापला जातो. तूर डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत येते. रब्बी ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि गव्हाची मार्च-एप्रिलमध्ये होते. त्या वेळी बाजारात गाड्यांमागून गाड्या येऊन उभ्या राहतात आणि भाव उतरतो. पुढे आवक कमी होत जाते. जे धान्य व्यापाऱ्याच्या गोदामात पडून असते, त्यावर गोदामाचे भाडे चढते, गुंतलेल्या पैशाचे व्याज चढते आणि घट-तूटही सोसावी लागते. हा सगळा खर्च शेवटी धान्याच्या किमतीत मिळवला जातो. म्हणून चैत्रातील गहू आणि मार्गशीर्षातील गहू यांच्या किमतीत बहुधा फरक पडतो.

पाऊस दगा देतो, तेव्हा हा फरक फारच वाढतो. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे देशात पाऊस कमी झाला. तुरीचे पीक घटले, आणि २०१५ च्या ऑक्टोबर महिन्यात अनेक शहरांत तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या आसपास जाऊन पोहोचली. ज्यांनी उन्हाळ्यातच वर्षाची डाळ भरून ठेवली होती, त्यांच्या घरचे वरण पातळ झाले नाही. ज्यांना रोजच्या रोज पावशेर डाळ विकत आणावी लागे, त्यांच्या ताटातून मात्र ती नाहीशी झाली.

धान्य विकत घेणे सोपे. ते राखणे अवघड. आपल्या पूर्वजांनी प्रदेशाप्रदेशांच्या हवेचा विचार करून राखणीच्या युक्त्या शोधल्या. कोकणच्या दमट हवेत तांदूळ पेंढ्याच्या मुड्यांत घट्ट बांधून ठेवीत. देशावर बांबूच्या कणग्या विणून त्या शेणामातीने लिंपीत आणि जमिनीपासून उंच ठेवीत. जुन्या वाड्यांत भिंतीलगत बांधलेली बळदे असत. पाऊस कमी पडणाऱ्या भागांत ज्वारी जमिनीखालील पेवांत भरली जाई. पेवाच्या तळाशी व कडेला कडबा पसरीत, वर धान्य भरीत आणि तोंड दगडामातीने बंद करीत. सांगलीजवळील हरिपूर गाव अशाच पेवांसाठी प्रसिद्ध होते. तेथे हळद साठवली जाई.

पेवात धान्य का टिकते, हे समजून घेण्यासारखे आहे. धान्याचा दाणा निर्जीव नसतो. तो अगदी मंदपणे श्वसन करीत असतो. त्यातील किडेही श्वसन करतात. तोंड बंद असल्यामुळे आतील प्राणवायू हळूहळू संपत येतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. अशा हवेत किडे जगू शकत नाहीत. परंतु जी हवा किड्यांना मारते, ती माणसालाही मारते. म्हणून जाणते शेतकरी पेव उघडल्यावर काही वेळ तसेच सोडून देत आणि मग दोरीने पेटता कंदील आत उतरवीत. कंदील विझला तर कोणालाही आत उतरू देत नसत. ही खबरदारी न घेतल्यामुळे माणसे प्राणास मुकल्याच्या दुर्घटना घडलेल्या आहेत.

आता बहुतेक घरांत पत्र्याच्या कोठ्या असतात. पण राखणीचे नियम बदललेले नाहीत. पहिला नियम कोरडेपणाचा. दाण्यात शंभर भागांत बारा भागांहून अधिक पाणी असेल तर त्याला बुरशी लागते आणि किडेही झपाट्याने वाढतात. दाणा दातांखाली धरला असता कट् असा आवाज होऊन फुटला, तर तो पुरेसा वाळला असे समजावे. मऊ लागला तर आणखी ऊन द्यावे. मात्र उन्हातले गरम धान्य तसेच कोठीत भरू नये; ते निवू द्यावे, नाहीतर आत बाष्प धरते. दुसरा नियम स्वच्छतेचा. कोठीच्या सांध्यांत राहिलेल्या जुन्या पिठातून नव्या धान्यात कीड शिरते. तिसरा नियम पाहणीचा. सोंडकिड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून त्यात अंडे घालते आणि ते भोक बुजवून टाकते. अळी आतल्या आत दाणा पोखरते. त्यामुळे वरून धडधाकट दिसणारे धान्यही आतून पोकळ झालेले असू शकते. कडुनिंबाचा पाला घालणे, डाळीला एरंडेल चोळणे, कडधान्यांना राख लावणे, हे जुने उपाय उपयोगी पडतात. परंतु महिन्यातून एकदा कोठी उघडून हाताने धान्य पाहणे याला पर्याय नाही.

बेगमीचा हिशेब मांडून पाहावा. समजा, एका कुटुंबाला महिन्याला पंधरा किलो गहू लागतो. वर्षाचा गहू झाला एकशे ऐंशी किलो. हंगामात भाव किलोला तीस रुपये असेल, तर त्याला ५,४०० रुपये पडतील. तोच गहू महिन्याच्या महिन्याला आणला आणि वर्षभरातील सरासरी भाव तेहतीस रुपये पडला, तर खर्च ५,९४० रुपये होईल. म्हणजे हंगामातील खरेदीने ५४० रुपये वाचले. पण या गव्हाचा दहावा भाग, म्हणजे अठरा किलो, किडीने खाल्ला तर? अठरा किलोंचे तीस रुपयांप्रमाणे ५४० रुपयेच होतात. वाचवलेले सारे किडीच्या मुखी गेले! म्हणून बेगमीत खरा लाभ खरेदीने होत नाही, तो राखणीने होतो. जे राखता येणार नाही, जे खाल्ले जाणार नाही, ते केवळ स्वस्त आहे म्हणून भरू नये.

येथे एक प्रश्न उभा राहतो. प्रत्येकाने आपले घर भरून ठेवले, तर दुसऱ्याला काही कमी पडणार नाही काय? याचे उत्तर केव्हा आणि किती भरले, यावर अवलंबून आहे. हंगामात बाजार धान्याने ओसंडून वाहत असतो. त्या वेळी आपल्या गरजेपुरते घेतल्याने कोणाच्या तोंडचा घास जात नाही. उलट, तंगीच्या दिवसांत ते घर बाजारात येत नाही आणि तेवढी गर्दी कमी होते. परंतु टंचाईची वार्ता येताच जो बाजाराकडे धाव घेतो, त्याची गोष्ट वेगळी. एका वस्तीत शंभर घरे आहेत आणि तेथील दुकानात शंभर घरांना आठवडाभर पुरेल इतका तांदूळ आहे, असे समजू. पुढच्या आठवड्यात नवा माल येणार आहे. एवढ्यात कोणी अफवा उठवली, आणि पहिल्या पंचवीस घरांनी चार-चार आठवड्यांचा तांदूळ उचलला. दुकान रिकामे झाले, आणि पंचाहत्तर घरे हात हलवीत परत गेली. तांदूळ वस्तीत तितकाच होता. तो फक्त थोड्या घरांत जाऊन बसला. २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा अनेक शहरांतील दुकानांपुढे हेच दृश्य दिसले होते.

भीतीपेक्षाही लोभ अधिक घातक असतो. भाव चढावा म्हणून माल दडवून ठेवणे याला साठेबाजी म्हणतात. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश जिंकल्यामुळे तेथून बंगालला येणारा तांदूळ बंद झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेदिनीपूर भागाला चक्रीवादळाने झोडपले. युद्धासाठी सरकारी खरेदी चालू होती. आणखी भाव चढतील या भीतीने वा आशेने अनेकांनी तांदूळ धरून ठेवला, आणि काही महिन्यांतच तो दुपटीहून अधिक महाग झाला. भूमिहीन मजूर, कोळी आणि कारागीर यांच्या मिळकतीत तो बसेना. १९४३ च्या त्या दुष्काळात लक्षावधी माणसे मरण पावली. चौकशी आयोगाने हा आकडा सुमारे पंधरा लाख धरला, तर पुढील अभ्यासकांनी तो याहूनही मोठा मानला आहे. १९४१ च्या तुलनेत १९४३ मध्ये बंगालमध्ये अन्न कमी नव्हते, असे अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी पुढे प्रतिपादन केले. धान्य असूनही ते गरिबाच्या हाती पडले नाही, हे या दुष्काळाचे भीषण सत्य होय.

अशा अनुभवांतून देश शहाणा झाला. १९५५ मध्ये अत्यावश्यक वस्तूंचा कायदा झाला. त्याच्या आधारे सरकार व्यापाऱ्यांच्या साठ्यावर मर्यादा घालू शकते. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. ते शेतकऱ्यांकडून धान्य खरेदी करून देशासाठी साठवून ठेवते. ही एका अर्थाने साऱ्या राष्ट्राची बेगमीच आहे. पन्हाळगडावर गंगा, यमुना आणि सरस्वती या नावांची धान्यकोठारे आजही उभी आहेत. गडाला वेढा पडला तर आतील माणसे उपाशी राहू नयेत, हाच त्यांचा हेतू होता. ज्याच्या हाती रोजची मजुरी रोज येते, तो एकदम वर्षाचा गहू कोठून घेणार? त्याच्यासाठी सार्वजनिक कोठारच घरच्या कणगीचे काम करते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने देशातील कोट्यवधी लोकांना स्वस्त धान्य दुकानातून दरमहा माणशी पाच किलो धान्य मिळण्याचा हक्क दिला आहे.

मंगळवेढ्याची भूमी ज्वारीसाठी प्रसिद्ध आहे. बहामनी राजवटीत तेथे दामाजीपंत नावाचे अधिकारी होते. भयंकर दुष्काळ पडला. सरकारी कोठारे भरलेली होती आणि दाराशी माणसे अन्नावाचून तडफडत होती. दामाजीपंतांनी राजाज्ञेची वाट न पाहता कोठारांची दारे उघडली. याबद्दल त्यांना बिदरला धरून नेण्यात आले, आणि विठ्ठलाने स्वतः धान्याची किंमत भरून त्यांना सोडवले, अशी कथा लोक शेकडो वर्षे सांगत आले आहेत. कोठार भरणारे पुष्कळ झाले. पण ज्याने ते योग्य वेळी उघडले, त्याचेच नाव लोकांनी जतन केले.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे बेगमी शिकवते. आपल्या घागरीपुरतेच पाणी शेंदावे, हेही तिच्याकडूनच शिकायला हवे. आपली कणगी भरताना शेजारच्या घरातील चूलही पेटती राहील, एवढे भान ज्याने राखले, त्याचीच बेगमी खऱ्या अर्थाने निश्चिंत म्हणावी.