कात्री, गोंद आणि वॉर्निश

कागदावरची चित्रे कापून ती लाकडी किंवा पत्र्याच्या वस्तूवर चिकटवायची आणि वॉर्निशचे हात देत पृष्ठभागात मुरवून टाकायची, या कलेला डेकूपाज म्हणतात. कापणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हे नाव पडले. काम नीट जमले, तर चित्र चिकटवलेले आहे की रंगवलेले, हे बोट फिरवूनही कळत नाही.

या कलेचा जन्मच काटकसरीतून झाला. अठराव्या शतकात चीन-जपानच्या झगझगीत लॅकर फर्निचरने युरोपातल्या श्रीमंतांना वेड लावले होते. मागणी मोठी आणि माल महाग, अशा वेळी व्हेनिसच्या कारागिरांनी तोड काढली. छापील चित्रे कापून रंगवलेल्या कपाटांवर चिकटवायची आणि वर वॉर्निश चढवायचे. या कामाला ‘लाका पोव्हेरा’, म्हणजे गरिबाघरचे लॅकर, असे नाव मिळाले. बास्सानोचा रेमोंदिनी छापखाना त्यासाठी चित्रांचे तक्तेच छापू लागला. लंडनमध्येही १७६०च्या सुमारास रॉबर्ट सेयर याने ‘द लेडीज अम्यूझमेंट’ हे कापून वापरायच्या चित्रांचे पुस्तक काढले. पुढे एकोणिसाव्या शतकात रंगीत शिळाछपाई आली आणि चित्रे घरोघर पोचली. भारतात हेच काम १८९४मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा यांच्या छापखान्याने केले; त्याच्या चित्रांना जर आणि टिकल्या लावून सजवण्याची हौसही तेव्हा होती.

आज या कामासाठी जुन्या बाजारातले डगमगते स्टूल, माळ्यावरचा चौरंग किंवा साधा प्लायचा खण पुरतो. कागदही घरातच सापडतो: कॅलेंडरे, लग्नपत्रिका, भेटवस्तूंचे वेष्टन, जुने नकाशे. मात्र प्रत्येक कागदाचा स्वभाव वेगळा. वर्तमानपत्र ओले झाले की मागची छपाई पुढे दिसू लागते. इंकजेट प्रिंटरची शाई पाण्याने पसरते. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स टिकते. जाड पत्रिकेचा मागचा थर ओला करून सोलून काढावा लागतो, नाहीतर कडा वर उचललेल्या राहतात. सर्वांत सोपा पेपर नॅपकिन. त्याचे दोन-तीन पदर असतात. त्यांतला फक्त वरचा छापील पदर घ्यायचा. ३३ सेंटिमीटरच्या चौकोनी नॅपकिनमध्ये फूटभर स्टुलाचा माथा पुरा झाकला जातो.

पहिले काम घासण्याचे. स्टूल साबणाच्या पाण्याने पुसून, पूर्ण वाळवून १२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासतात. खिळ्यांची भोके आणि चिरा लांबीने भरून पुन्हा २२० नंबरने हात फिरवतात. सनमायका असेल, तर त्याची चकाकी जाईपर्यंत घासावे लागते, नाहीतर पुढचा थर पापुद्र्यासारखा निघतो. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून तो कोरडा न घासता ओला घासावा आणि तोंडाला मास्क बांधावा. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा २०१७पासून लागू झाली. यानंतर प्रायमर आणि फिक्या रंगाचे दोन हात. नॅपकिन पारदर्शक असल्याने त्याखाली पांढरा किंवा मोतिया रंगच खुलतो.

चिकटवण्यासाठी फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद थोडे पाणी घालून रबडीइतका पातळ करतात. वाळल्यावर तो पारदर्शक होतो. मैद्याची खळ स्वस्त खरी, पण तिला कसर आणि झुरळे लागतात. कागद ओला झाला की फुगतो आणि फुगे धरतो. म्हणून जाड कागद आधी क्षणभर पाण्यात बुडवून टिपून घेतात. त्याचे फुगणे आधीच उरकते आणि वाळताना तो आक्रसून ताठ बसतो. गोंद पृष्ठभागावर लावायचा, कागद मध्यावर टेकवायचा आणि ओल्या फडक्याने मधून कडांकडे दाबत न्यायचा. नॅपकिन फाटू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी ठेवून वरून हात फिरवतात. तरीही फुगा राहिलाच, तर सुई टोचून हवा काढतात. कापलेल्या कडेची पांढरी रेघ रंगीत पेन्सिलीने आधीच झाकली, तर चित्र चिकटवल्यासारखे वाटत नाही.

गोंद रात्रभर वाळला की वॉर्निशची पाळी. जुने कारागीर वीस-तीस हात देत आणि मधूनमधून घासत. कागदाची जाडी त्या थरांत बुडून जाई. नॅपकिनला चार-पाच हात पुरतात. पांढरा गोंद पाण्याने पुन्हा मऊ पडतो, म्हणून कड, सांधे आणि पायांचे तळही वॉर्निशखाली यायला हवेत. स्पिरिट पॉलिश चमकते, पण गरम कपाचा पांढरा डाग धरते. स्टुलावर पॉलियुरेथेन अधिक टिकते. तेलाधारित वॉर्निश कालांतराने पिवळसर होते, पाण्याधारित स्वच्छ राहते. पावसाळ्यात थर उशिरा वाळतात आणि दमटपणा आत कोंडला तर धुरकट दिसतात, म्हणून हे काम कोरड्या हवेत करावे.

वाळलेल्या वस्तूवर लगेच काही ठेवू नये. वॉर्निश पूर्ण कडक व्हायला आठवडे लागतात. पुढे ओल्या फडक्याने पुसणे पुरते. कड सुटलीच, तर टोकदार काडीने गोंद सारून, दाबून, वर वॉर्निशचा एक हात दिला की ती पुन्हा बसते.