सिबिल रुसलंय? बिझनेसचं स्वप्न सोडू नका!

रांजणगाव एमआयडीसीत शिफ्ट, नाहीतर दौंड-पुणे रोजचं अप-डाउन. डोक्यात मात्र स्वतःचं काहीतरी! शिरूरला केक शॉप, केडगावला गुळाचं पॅकिंग. प्लॅन झक्कास. आणि बँकेत साहेब म्हणतात, ‘सिबिल कमी आहे.’

डोण्ट वरी. ३०० ते ९०० मधला हा आकडा सुधारता येतो. आधी रिपोर्ट काढा. प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. मित्राला जामीन राहिलात? त्याचे थकलेले हप्ते तुमच्याही रिपोर्टात दिसतात. क्रेडिट कार्ड ‘सेटल’ केलं होतं? उरलेली रक्कम भरून ‘क्लोज्ड’ नोंद करून घ्या. रिपोर्टातच चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

२०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ कर्ज ५० हजारांपर्यंत, तेही विनातारण. पण थकबाकीदाराला नाही. म्हणून आधी थकबाकी, मग अर्ज. तोही एकाच बँकेत. दहा ठिकाणी केलात तर स्कोअर आणखी घसरतो.

घरात आई किंवा बायको बचत गटात आहे? गटाला कर्ज देताना बँक बैठका, बचत, परतफेड आणि हिशेब बघते. मात्र धंदा खरोखर तिचा हवा, नुसती सही नको!

आणि सावकार? शेकडा ५ रुपये महिना ऐकायला किरकोळ वाटतं. वर्षाचे होतात ६० टक्के. त्यापेक्षा सहा महिने थांबलेलं बरं.