जिन्यातली मुकी घंटा

तीन वर्षांपूर्वीची नरकचतुर्दशी. मुंबईतल्या आमच्या इमारतीत घरोघर अभ्यंगस्नाने चाललेली, अंगणात फटाक्यांचा धूर. आणि एवढ्यात जिन्यातली आगीची घंटा जी ठणाणा वाजू लागली, ती काही केल्या थांबेना! उटणे लावलेले गृहस्थ पंचा सावरीत बाहेर आले. आग कुठेच नव्हती. चार दिवसांनी कुणाची फोडणी जळली, पुन्हा घंटा. तिसऱ्या खेपेस तळमजल्यावरचे नाना म्हणाले, "अहो चिटणीस, हे तर लांडगा आला रे आला झाले!" सर्वानुमते तिची तार काढली. चिटणीस म्हणून मीच मान डोलावली.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा 2006 चा कायदा आहे. तो 2008 पासून अमलात आला. ही यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी त्याने मालकावर आणि राहणाऱ्यांवर टाकली आहे. दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून 'नमुना ब' हा दाखला घेऊन तो अग्निशमन दलाकडे द्यायचा. जानेवारीत आमच्याकडे एक गृहस्थ आले. त्यांनी लाल नळकांडी मोजली, चहा घेतला, दाखला दिला. घंटेचे त्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही.

फाल्गुनातल्या एका रात्री दोन वाजता मीटरच्या खोलीत धूर झाला. घंटा गप्प! पहारेकरी बिचारा मजल्यामजल्यावर दारे बडवीत धावला. चौथ्या मजल्यावरच्या आजींना ऐकू कमी येते. त्यांचे दार उघडायला दहा मिनिटे लागली. त्या दहा मिनिटांत मी काय काय मनात आणले, ते लिहिण्याची आज हिंमत नाही. 101 वर निरोप गेला, बंब आला, आग विझली, आजी सुखरूप खाली आल्या. मला मात्र त्यांच्या डोळ्याला डोळा देववेना.

पुढे एका जाणत्या कारागिराने उलगडा केला. त्या डबीत प्रकाशाचा किरण असतो. धूर शिरला की प्रकाश विखुरतो, आतल्या डोळ्यावर पडतो आणि घंटा वाजते. धूर फोडणीचा की आगीचा, हे तिला काय ठाऊक! स्वयंपाकघराजवळ धुराची नव्हे, उष्णतेची डबी हवी. आमची डबी नेमकी एका स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर होती. ती हलवली, तिच्या जागी उष्णतेची बसवली आणि मीटरच्या खोलीत धुराची एक नवी लावली. काम अर्ध्या दिवसाचे!

कमला मिलच्या आवारात 29 डिसेंबर 2017 रोजी 14 जण आगीत गेले, तेव्हा आम्हीही पंधरवडाभर घंटा रोज वाजवून पाहिली होती. मग विसरलो. कायदा वर्षातून दोनदा विचारतो. आग तारीख पाहून येत नाही. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी स्वतः बटण दाबतो. नाना कुरकुरतात. पण आजींच्या खोलीत आम्ही घंटेबरोबर लुकलुकणारा दिवा बसवला आहे. तो लागला की त्या दार उघडून हात हलवतात, आणि मग मी चहाला घरी जातो.