औद्योगिक प्रदर्शनास जाण्यापूर्वी

पावसाळा तोंडावर आला की गोव्यातील घराघरांतून पुरुमेंताची लगबग सुरू होते. मीठ, मिरची, सोले, सुके मासे यांची चार महिन्यांची बेगमी करावयाची असते. गृहिणी बाजारास निघते तेव्हा घरात खाणारी तोंडे किती, मागील वर्षी काय उरले आणि काय कमी पडले, याचा हिशेब तिच्या मनात पक्का असतो. त्यामुळे बाजारातील गर्दीने ती भांबावत नाही आणि विक्रेत्याच्या गोड बोलण्यास भुलतही नाही. पुरुमेंतासाठी घरोघर होणारी ही तयारी लाखो रुपयांचे यंत्र पाहण्यास निघालेला लहान कारखानदार मात्र पुष्कळदा करीत नाही. तो प्रदर्शनास जातो, दिवसभर दालनांतून हिंडतो, माहितीपत्रकांनी भरलेल्या दोन पिशव्या घेऊन परततो. आणि कधी कधी भरात येऊन तेथेच आगाऊ रक्कम भरून मोकळा होतो. पुढे पाच वर्षे त्याला हप्ते फेडावे लागतात.

म्हणून औद्योगिक प्रदर्शनास व्यावसायिक अभ्यागत या नात्याने जाण्यापूर्वी कोणती तयारी करावी, याचा येथे थोडा विस्ताराने विचार केला आहे.

प्रदर्शनांचे प्रकार

सर्व प्रदर्शने एका स्वरूपाची नसतात. नवी दिल्लीतील प्रगती मैदानावर १९८० पासून भरत आलेला भारतीय आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा सर्वांना परिचित आहे. तेथे कापडापासून यंत्रापर्यंत नानाविध माल असतो. आरंभीचे काही दिवस व्यावसायिकांसाठी राखून ठेवण्याची तेथील प्रथा असून, सर्वसामान्य प्रेक्षकांची गर्दी त्यानंतर होते. याउलट, काही प्रदर्शने एकाच उद्योगाला वाहिलेली असतात. धातुकामाची यंत्रे बनविणाऱ्या भारतीय कारखानदारांची संघटना १९४६ साली स्थापन झाली. १९६९ पासून ही संघटना ‘इमटेक्स’ या नावाचे प्रदर्शन भरवीत आली आहे. बंगळूर येथे तुमकूर रस्त्यावर या संघटनेचे स्वतःचे प्रदर्शन केंद्र आहे.

या प्रदर्शनाची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लेथ, मिलिंग यांसारखी धातू कापणारी यंत्रे एका वर्षी मांडली जातात, तर पत्रा वाकविणारी व धातू दाबून घडविणारी यंत्रे त्याच्या पुढील वर्षी. २०२३ व २०२५ ही वर्षे कापणाऱ्या यंत्रांची होती. २०२४ चे प्रदर्शन घडविणाऱ्या यंत्रांचे होते. ज्याला लेथ पाहावयाचा आहे तो भलत्या वर्षी गेला, तर प्रवासखर्च व कामाचे तीन-चार दिवस पाण्यात गेलेच म्हणून समजावे. तेव्हा प्रदर्शनाचा विषय, तारखा व मांडणी करणाऱ्यांची यादी आधी नीट पाहणे ही तयारीची पहिली पायरी होय.

घरचा हिशेब

दुसरी पायरी अधिक महत्त्वाची आहे, आणि ती घरीच चढावी लागते. उदाहरण म्हणून एका लहान वर्कशॉपची कल्पना करू. तेथे दोन जुने लेथ आहेत, मालक व दोन टर्नर काम करतात, आणि मासेमारीच्या ट्रॉलरांना लागणारे बुश व दांडे तयार होतात. मालकाच्या मनात संगणकावर चालणारा नवा लेथ घेण्याचे आहे. सर्व खर्च धरून यंत्र २४ लाख रुपयांस पडेल आणि कर्जाचा हप्ता, विमा व देखभाल मिळून दरमहा ६० हजार रुपये लागतील, असे धरून चालू.

गोव्यात १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीस बंदी असते. ट्रॉलर किनाऱ्यास लागतात आणि दुरुस्तीची कामे याच काळात एकदम येऊन पडतात. समजा, या दोन महिन्यांत दरमहा २०० नग करावे लागतात. जुलै महिन्यात रात्री उशिरापर्यंत लेथ चालवून थकलेला मालक हिशेब करतो: ६० हजार भागिले २००, म्हणजे नगामागे ३०० रुपये. हा भार त्याला सहज पेलण्यासारखा वाटतो.

परंतु उरलेल्या दहा महिन्यांत दरमहा ८० च नग येत असतील, तर वर्षाचे एकूण नग १,२०० होतात. वर्षाचा भार मात्र ७ लाख २० हजार रुपयांचा आहे. म्हणजे नगामागे ६०० रुपये पडतात, जुलैतील हिशेबाच्या बरोबर दुप्पट! यात वीज, हत्यारे, कच्चा माल व मजुरी अद्याप धरलेली नाही.

येथे आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. नवे यंत्र दुप्पट वेगाने चालते, तेव्हा हा भार निम्मा होईल, असे अनेकांना वाटते. वेगामुळे नगामागील मजुरीची बचत होईल हे खरे. परंतु हप्त्याचा भार यंत्राच्या वेगाने घटत नाही. तो नगांची संख्या वाढली तरच घटतो. वर्षाला १,२०० च नग मिळणार असतील, तर ते सहा महिन्यांत होवोत वा बारा महिन्यांत, नगामागे ६०० रुपये द्यावेच लागतील. तेव्हा उरलेल्या दहा महिन्यांसाठी दुसरे काम मिळण्याजोगे आहे काय, वेर्णा वा कुंडई येथील कारखान्यांच्या देखभालीचे सुटे भाग करून देता येतील काय, की केवळ गर्दीच्या दोन महिन्यांत जादा काम दुसऱ्या वर्कशॉपकडून करवून घेणे स्वस्त पडेल, या प्रश्नांचा विचार प्रदर्शनास जाण्यापूर्वीच व्हावा.

बरोबर काय न्यावे

हा हिशेब एका कागदावर मांडला की, कोणती माहिती घरी आहे आणि कोणती प्रदर्शनातून आणावयाची आहे, हे आपोआप स्पष्ट होते. घरची माहिती पुढीलप्रमाणे लिहून न्यावी: नगाचे ड्रॉइंग, धातू कोणता, मापात किती फरक चालतो, वर्षभरातील नगांची महिन्यावार संख्या, सध्या एका नगास लागणारा वेळ, वर्कशॉपमध्ये मोकळी जागा किती, दाराची रुंदी किती, मंजूर वीजभार किती. दाराची रुंदी ही क्षुल्लक बाब वाटेल. परंतु यंत्र दारात येऊन उभे राहिल्यावर भिंत फोडण्याची पाळी येण्यापेक्षा आधी टेप लावलेली बरी. शक्य असल्यास तयार नग व कच्चा तुकडा असे दोन्ही नमुने पिशवीत असावेत.

यांखेरीज व्यवसायाचे नाव व पत्ता असलेली कार्डे, वस्तू व सेवा कराचा नोंदणी क्रमांक, उद्यम नोंदणीचा कागद आणि ओळखपत्र जवळ ठेवावे. बहुतेक प्रदर्शनांची नावनोंदणी आता घरूनच इंटरनेटद्वारे करता येते. ती केल्यास प्रवेशद्वारावरील रांगेतला वेळ वाचतो. निवासाची सोयही लवकर करावी, कारण मोठ्या प्रदर्शनाच्या दिवसांत जवळपासच्या खोल्या महाग होतात. वास्कोकडून रेल्वेने यशवंतपूर येथे उतरणाऱ्यास मेट्रोची हिरवी मार्गिका सोयीची आहे. नोव्हेंबर २०२४ पासून ती प्रदर्शन केंद्रानजीकच्या मादावर स्थानकापर्यंत जाते.

बरोबर कोणास न्यावे, याचाही विचार व्हावा. बहुधा मालक एकटाच जातो आणि ज्याला त्या यंत्रापुढे रोज आठ तास उभे राहावयाचे आहे तो टर्नर घरी राहतो. वस्तुतः चक आवळताना हात कोठे अडकतो, किस काढण्यास वाकावे किती लागते, मूठ कोणत्या बाजूस हवी, हे त्याच्या चटकन लक्षात येते. त्याच्या तिकिटाचा खर्च हा फुकट खर्च नव्हे.

प्रदर्शनाच्या दालनात

सर्व स्टॉल पाहण्याचा हव्यास धरू नये. यादीतून पाच-सहा स्टॉल निवडावेत, त्यांचे दालन व क्रमांक लिहून ठेवावेत आणि शक्य तर आधी कळवून भेटीची वेळ घ्यावी. सकाळच्या पहिल्या दोन तासांत गर्दी कमी असते. त्या वेळी अनुभवी अभियंत्याशी सविस्तर बोलता येते. ठरलेली कामे आटोपल्यावर इतर दालने मोकळ्या मनाने पाहावीत.

मडके वाजवून घ्यावे, ही जुनी शिकवण यंत्रासही लागू आहे. प्रदर्शनात यंत्र चालते ते विक्रेत्याने निवडलेल्या नगावर. अभ्यागताने आपले ड्रॉइंग पुढे ठेवावे आणि या नगास किती वेळ लागेल ते लेखी मागावे. नमुना त्यांच्या कारखान्यात आपल्यासमोर कापून दाखविण्याची तयारी आहे काय, हेही विचारावे. सांगितलेल्या किमतीत चक, हत्यारे धरण्याची साधने, वाहतूक, उभारणी व कामगारांचे प्रशिक्षण यांपैकी काय येते आणि काय येत नाही, हे एकेक करून विचारून घ्यावे. यंत्रावर भरलेल्या वस्तू व सेवा कराची वजावट नियमित नोंदणी असलेल्यास मिळू शकते, कंपोझिशन योजनेत असलेल्यास ती मिळत नाही; तेव्हा दोन दरपत्रकांची तुलना करण्यापूर्वी आपल्या हिशेबनिसाचा सल्ला घ्यावा.

गोव्याच्या दृष्टीने दोन प्रश्न विशेष महत्त्वाचे आहेत. यंत्र बिघडल्यास दुरुस्तीचा माणूस कोठून येणार आणि किती तासांत पोहोचणार, हा पहिला. ट्रॉलरांच्या दुरुस्तीच्या ऐन हंगामात यंत्र आठ दिवस बंद राहिले, तर वर्षाच्या कमाईलाच धक्का बसतो. दुसरा प्रश्न हवेचा. पावसाळ्यातील दमटपणा आणि किनाऱ्याकडील खारी हवा यांपासून यंत्रातील विजेची पेटी कशी सुरक्षित राहते, याचे समाधानकारक उत्तर मिळाल्यावाचून पुढे जाऊ नये.

‘आज नोंदणी केल्यास खास सवलत’ असे तेथे पुष्कळ ठिकाणी ऐकू येईल. अशा वेळी सवलत किती दिवस चालू राहील ते लेखी घ्यावे आणि आगाऊ रक्कम मात्र घरचा हिशेब पुन्हा तपासल्याखेरीज भरू नये. रोज सायंकाळी मुक्कामावर परतल्यावर, कोणी काय सांगितले ते त्याच रात्री लिहून काढावे. चार दिवसांनी सर्व यंत्रे एकसारखीच आठवू लागतात.

परतल्यानंतर

परतल्यावर आठवड्याच्या आत दरपत्रके मागवावीत आणि किंमत, नगास लागणारा वेळ, वीज, दुरुस्तीची सोय व माल मिळण्याची मुदत यांचा एक तक्ता करावा. तेच यंत्र वापरणाऱ्या दोन वर्कशॉपांचे पत्ते विक्रेत्याकडून घेऊन प्रत्यक्ष भेट द्यावी. प्रदर्शनातील झगमगाटापेक्षा तीन वर्षे तेलकट झालेले यंत्र अधिक खरे बोलते. त्यानंतरच बँकेकडे जावे. लहान उद्योगांच्या तारणविरहित कर्जास हमी देणारा न्यास केंद्र शासन व लघुउद्योग विकास बँक यांनी २००० साली स्थापन केला आहे. त्याखाली आपले कर्ज बसते काय, याची चौकशी शाखेत करावी. मात्र ही हमी बँकेसाठी असते. हप्ते कर्जदारानेच फेडावयाचे असतात, हे विसरून चालणार नाही.

शिक्षक व अधिकारी यांचे साहाय्य

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे निदेशक विद्यार्थ्यांस अशा प्रदर्शनास नेतात, ही स्तुत्य गोष्ट आहे. विद्यार्थ्यांना प्रवेश कोणत्या दिवशी आहे व वयाची अट काय, हे आधी पाहावे. चाळीस मुलांना एकदम दालनात सोडण्याऐवजी पाच-पाच जणांचे गट करून प्रत्येक गटास एकच प्रश्न शोधावयास द्यावा. गावातील वर्कशॉपवाल्याचा खराखुरा प्रश्न मुलांच्या हाती दिला, तर त्यांचे शिक्षण होईल आणि वर्कशॉपवाल्याचे कामही. जिल्हा उद्योग केंद्रातील अधिकाऱ्यांनी आपल्या भागातील इच्छुकांना प्रदर्शनापूर्वी महिनाभर एकत्र बसवून वर सांगितलेला एका कागदाचा हिशेब करवून घेतला, तर त्याचा लाभ अनेकांना होईल.

सरतेशेवटी एक गोष्ट सांगावयास हवी. प्रदर्शनाहून काहीही न खरेदी करता परतलेल्या कारखानदाराकडे शेजारीपाजारी कौतुकाने पाहत नाहीत. परंतु सध्याच्या कामावर नव्या यंत्राचा भार पेलणार नाही, आधी दहा महिन्यांचे काम मिळविले पाहिजे, हे जर तो तेथून शिकून आला असेल, तर त्याची फेरी पुरेपूर सार्थकी लागली. वर्षभराचे काम गाठीशी बांधून तो पुढील प्रदर्शनास जाईल, तेव्हा पुरुमेंतास निघालेल्या गृहिणीप्रमाणे त्यालाही आपल्याला काय हवे व किती हवे ते नेमके ठाऊक असेल.