चित्रगुणाचा त्याग आणि विजेची बचत

संकुचित केलेले चलच्चित्र पुन्हा उलगडण्याच्या क्रियेस विसंकेतन म्हणतात. या क्रियेत बरीच गणना करावी लागते व तिच्यापायी बॅटरी खर्च होते. २००३ साली प्रमाणित झालेल्या एच.२६४ पद्धतीत प्रत्येक चित्र चौकोनी तुकड्यांत विभागलेले असते. तुकड्यांचे सांधे पुसणाऱ्या गाळणीस एकूण गणनेपैकी सुमारे एक तृतीयांश गणना लागू शकते. ती वगळल्यास वीज वाचते. सांधे मात्र उघडे पडतात.

ती कोणत्या चित्रांत वगळावी, हा येथे महत्त्वाचा प्रश्न होय. ज्या चित्राच्या आधारे पुढील चित्रे रचली जातात, त्यातील दोष पुढे संक्रांत होतो व नवे स्वयंपूर्ण चित्र येईपर्यंत साचत राहतो. ज्यावर अन्य चित्र अवलंबून नाही, त्यातील दोष तेथेच संपतो. म्हणून गाळणीचा त्याग अशाच चित्रांपुरता करणे इष्ट.

काही चित्रे समूळ गाळणे हा दुसरा मार्ग. त्यात बचत अधिक होते. परंतु वीज नसलेल्या गावी कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेचे चित्रण तपासणाऱ्या अभ्यासकास तो परवडणार नाही. त्या भाषेत हाताची हालचाल अर्थभेदक असते. सांध्यांची पुसट रेघ त्यास सोसता येईल. गळालेली हालचाल पुढे कोणत्याही उपायाने वाचता येणार नाही.